नाव घेऊन हाक

चौकच्या भिवाजीचा पूर्वज उंबरखिंडीत लढून पडला होता, आणि दर वर्षी तो थोडा थोडा अधिक लढत असे. भिवाजीच्या लग्नात त्यानं शत्रूचे सात गडी कापले होते. घाटातून आगगाडी धावू लागली तोवर ते चाळीस झाले. मेल्यावर इतकी मेहनत करणारा दुसरा माणूस खालापुराकडे नव्हता.

भिवाजीच्या सुनेला, सुंदराला, या आकड्याशी देणंघेणं नव्हतं. तिची दोन लेकरं सहावं वर्ष सरायच्या आत गेली होती. भगत म्हणाला, घरचा वीर रागावलाय, तिसरीला त्याच्या पायांवर घाला. तिसरी जिजा, साडेपाच वर्षांची. नवरा कर्जतला रेल्वेच्या कामावर. म्हणून माघात सासरा, सून आणि नात बैलगाडीनं निघाली. जेवढी पोर नेली तेवढीच परत आणायची, एवढंच सुंदराच्या मनात होतं.

पायथ्याच्या चावणी गावात गाडी सोडून ती तिघं खिंडीत पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोन्ही अंगाला डोंगर, मधे नदीचं कोरडं पात्र. पाखराचा आवाज नाही. वाट दाखवायला डोंगरवाडीतला जैतू होता. तो दगडाला पाय लागू न देता चालत होता.

भिवाजीनं एका शेंदूर फासलेल्या दगडापुढे जिजाला वाकवलं, नारळ फोडला आणि लढाई सुरू केली. या खेपेला चव्वेचाळीस पडले.

"आजोबा, ते सगळे मग घरी गेले?"

"मेलेले घरी कसे जातील गं?"

"त्यांना कुनी बोलवायला आलं नाय?"

भिवाजीनं खोबरं तोंडात टाकलं.

जैतू हळूच म्हणाला, "बाबा, निघताना एकेकाला नाव घेऊन बोलवा. नुसतं चला म्हनू नका. हितं हुकमाची वाट बघत बसल्यात."

"आमच्या मुलखात आमी कुनाला भ्यायचं रं?" भिवाजी उठला, धोतर झटकलं आणि मिशीला पीळ देत ओरडला, "चला रं सगळे! घरी चला!"

वरच्या कड्यावरून एक दगड घरंगळला. मग दुसरा. मग पात्रात कोणी नसताना पाचोळा वाजू लागला, एका मागोमाग एक, पावलापावलानं.

जैतूसकट सगळी भराभर चावणीला परतली. बैल जुंपले, भिवाजीनं जिजाला पुढे कुशीत घेतलं. गाडी हलेना. चाकं बोटभर मातीत रुतली, बैलांच्या तोंडाला फेस आला.

"आई, तू मागं बसू नको," जिजा म्हणाली. "जागा नाय."

सुंदरानं गाडीवर ठेवलेला पाय मागे घेतला. तिनं जमिनीवरूनच हाक मारली, "जिजा, घरी चल! जिजा, घरी चल! जिजा, घरी चल!"

"येते. पन आजोबा सोडत नाय."

भिवाजी खिंडीकडे बघत होता, पापणी न लवता. जिजाचं मनगट त्याच्या मुठीत होतं. सुंदरानं बोटं उकलायला घेतली. दगडाची असावीत तशी गार.

"त्यान्लाबी हाक द्या," जैतू म्हणाला. "नावानं."

"तू दे की!"

"मी घरचा नाय. घरच्याचीच हाक लागते."

"जिजा, आजोबाला नावानं बोलव गं!"

"आजोबांचं नाव काय?"

घरात ते नाव कोणी उच्चारतच नसे. नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव घेतलं तर काय होतं, हे सुंदराला तिच्या आईनं सविस्तर सांगितलं होतं. जिजाचे ओठ निळे पडत होते. सुंदरानं पदर खोचला.

"भिवाजी! घरी चल! उतर खाली, मेल्या!"

मूठ उघडली. म्हातारा धडपडत खाली आला आणि सुनेकडे असा बघत राहिला, जणू लहानपणी आईनं त्याला नदीवरून ओढून आणलं होतं. गाडी तिथंच टाकून, बैल हाकत, तिघं चालत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जैतू शेजाऱ्याच्या बैलांनी गाडी घेऊन अंगणात आला.

"हलकी झाली?" सुंदरानं दारातूनच विचारलं.

"बाकीचे घाटाकडं गेले, वर. त्यांची घरं तिकडं." जैतूनं बैल सोडले. "योक उतरत नाय. म्हनतो, ह्ये माझंच घर. पन नाव घेऊन बोलवल्याबिगर आत यायचा नाय."

सुंदरानं सासऱ्याकडे बघितलं. भिवाजीनं मिशीला हात लावला आणि खाली घेतला. चव्वेचाळीस माणसं कापणाऱ्या त्या वीराचं नाव त्याला माहीत नव्हतं. ते विचारायचं कोणाला कधी सुचलंच नव्हतं.

त्या साली गाडी शेतावर गेली नाही. सकाळी जिजा तिच्या मागच्या फळीवर चतकोर भाकरी ठेवी. भिवाजी समोर घोंगडी टाकून बसे आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडून गोळा केलेली नावं एकेक करून हाका मारी, प्रत्येक तीन वेळा. हाक मारून झाली की थांबे, चाकाकडे बघे.

"ह्ये बी नाय," म्हणे, आणि पुढचं नाव घेई.