मौनीबाबांच्या शेजारची खुर्ची

ही गोष्ट कुणालाच पटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भल्याभल्यांना पटलेली नाही. युनियनच्या या खोलीत दरवर्षी नवे वैमानिक येतात, ऐकतात, माना हलवतात, आणि त्यातल्या निम्म्या माना आडव्या हलतात. पुढच्या खुर्चीतली ही पोरगी तर आत्ताच भुवई चढवून बसली आहे. बसू दे. सांगणाऱ्याने सांगत जावं, ऐकणाऱ्याने पाखडून घ्यावं.

तर एक कॅप्टन होता. त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. गंमत अशी की मौन त्याने धरलंच नव्हतं. धरलं होतं बाकीच्यांनी, आणि नाव चिकटलं याला. मागे एका संपात सगळे वैमानिक घरी बसले असताना हा घाबरला आणि एकटा विमान घेऊन गेला. परत आल्यावर त्याला कुणी शिवी दिली नाही, की बोट लावलं नाही. पण वैमानिकांची रीत त्याहून कडू. कॉकपिटमध्ये शेजारी बसणारा त्याच्याशी फक्त कामापुरतं बोले. "चाकं?" "खाली." "दिवे?" "चालू." एवढं झालं की मग तोंडाला कुलूप आणि समोर ढग. उतरताना विमानातलं यंत्र उंची मोजून सांगतं ना, पन्नास, चाळीस, तीस, तर हा बिचारा त्या यंत्रालाच म्हणायचा, "ऐकतोय गं बाई." एकदा तर म्हणे यंत्राने त्याला उलट विचारलं, "जेवलात का?"

त्याची बायको आणि लेक समुद्रापलीकडच्या गावी. नोकरी इथे, विमानतळामागच्या भाड्याच्या खोलीत. आठवड्यातून एखाद्या वेळी विमान त्याच्याच घरावरून जायचं. पस्तीस हजार फुटांवरून याला गच्चीतल्या दोरीवर वाळणारी लेकीची पिवळी ओढणी दिसायची. पोरी, भुवई खाली घे. माणूस आसुसला की त्याची नजर लांबते.

बायको फोनवर म्हणायची, "आज गेलात ना डोक्यावरून? भाजी परतता परतता आवाज आला मला."

"हो."

"मग हात तरी हलवायचा."

"हलवला की."

"दिसला हो," ती म्हणायची. नवरा-बायको दोघंही एका माळेचे मणी.

अशात एक प्रकार झाला. एका कोपायलटने निघण्यापूर्वी सांगितलं, "मी थकलोय. डोळे मिटतायत. हे विमान मी नेणार नाही." असं म्हणायचा वैमानिकाला हक्क असतो. पण कंपनीने त्याला कामचुकार ठरवून घरी पाठवलं. युनियन पेटून उठली. त्याला परत घेईपर्यंत कुणीही विमानाला हात लावायचा नाही, असं ठरलं. उद्यापासूनच.

मॅनेजरने मौनीबाबाला केबिनमध्ये बोलावून खुर्ची पुढे सरकवली. "कॅप्टन, तुम्ही अनुभवी माणूस. ही पोरंसोरं तुमच्याशी धड बोलत नाहीत, मग तुम्ही त्यांचं का ऐकायचं? उद्या सकाळचं पहिलं विमान तुम्ही न्या. एक उडालं की बाकीचे आपोआप येतात. आणि पुढच्या महिन्यापासून तुमची बदली तुमच्याच गावी. घरचा चहा घ्या आणि कामावर या."

मौनीबाबाने नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर त्याला केबिनमध्येच चहाचा वास आला होता.

जिन्यात त्याला युनियनची सेक्रेटरी भेटली. तीही कॅप्टनच. दोघं एकाच तुकडीत शिकलेले, एकेकाळी जोडीने उडालेले. त्या काळी विमान उभं केलं की दोघं मिनिटभर बसून राहायचे आणि त्या दिवसाची आपापली एक चूक एकमेकांना सांगायचे. संपानंतर तेही संपलं. आज ती वाट अडवून उभी राहिली.

"उद्या उडणार आहेस?"

"तुला काय करायचंय?" तो म्हणाला. "तुम्ही माझ्याशी शब्द बोलत नाही, आणि तुमच्यासाठी मी माझं घर सोडू? कुठला न्याय हा?"

"आमच्यासाठी नकोच सोडूस," ती म्हणाली. "मला एक सांग. कॉकपिटमध्ये दोन माणसं कशाला ठेवतात? विमान तर तुला एकट्यालाही उतरवता येतं."

"एकाचं चुकलं तर दुसऱ्याने सांगावं म्हणून."

"आणि सांगायचीच भीती वाटली तर? उद्या तू उडालास, तर त्या कोपायलटची नोकरी जाईलच. पण इथला एकही माणूस पुन्हा 'थकलोय' म्हणणार नाही. मिटत्या डोळ्यांनी उडतील सगळे. आणि मागे बसलेल्यांना वाटेल, पुढे दोघं जागे आहेत."

मौनीबाबा कठड्याला टेकला. मग म्हणाला, "त्याने नकार दिला, त्याच्या आदल्या दिवशी तो कोपायलट माझ्याच शेजारी होता. उतरताना त्याची मान कलंडली. मी पाहिलं. पण मी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही. आपलं बोलणं नाही ना."

सेक्रेटरीचा चेहरा उतरला. ज्या अबोल्याने त्याला शिक्षा करायची होती, तोच अबोला विमानभर माणसांच्या जिवावर उठला होता, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ही चूक माझी," ती म्हणाली. "अबोला मीच सुरू केला होता. आता तुझी सांग."

किती वर्षांनी कुणी त्याला हे विचारलं होतं. त्याचे डोळे भरून आले. "मी मॅनेजरला नाही म्हणालो नाही," तो म्हणाला. "ही माझी."

सकाळी मौनीबाबा गणवेश चढवून आला तेव्हा फाटकापाशी सगळे वैमानिक उभे होते. कुणी बोललं नाही. तो सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "साहेब, मी थकलोय. विमान नेता येणार नाही. आणि तो कोपायलटही खरंच थकलेला होता. आदल्या दिवशी मी त्याच्या शेजारी होतो. कुठेही येऊन सांगेन."

"मग बदली विसरा," मॅनेजर म्हणाला.

"विसरायचा प्रयत्न करतो," मौनीबाबा म्हणाला. ते त्याला कधीच जमलं नाही, ही गोष्ट वेगळी.

बाहेर आला तर रांगेत एक जण सरकला आणि त्याने जागा केली. दुसऱ्याने चहाचा कप पुढे करून विचारलं, "साखर कमी चालेल ना?" कामाव्यतिरिक्तचा पहिला प्रश्न.

त्या दिवशी, मंडळी, एकसुद्धा विमान उडालं नाही. सगळी धावपट्टीच्या कडेला उभी, पंखांवर कबुतरं. ना येणारं, ना जाणारं. दिवस मावळायच्या आत कंपनीने कोपायलटला सन्मानाने परत घेतलं.

तर बोध एवढाच. एकी म्हणजे नुसत्या घोषणा समजू नका. शेजारच्या माणसाला न घाबरता 'मी थकलोय' म्हणता येतं, तिथे एकी असते. आणि जो एकदा चुकला त्याच्यासाठी रांगेत जागा ठेवावी लागते, कारण उद्या आपल्यातही कुणी चुकणार आहे. ती ठेवली नाही, तर मॅनेजर खुर्ची पुढे सरकवायला बसलेलाच असतो.

आणि मौनीबाबाचं म्हणाल, तर चांगल्याचं चांगलंच होतं. त्याच संध्याकाळी तो समुद्रापलीकडे आपल्या घरी पोहोचला. बायकोने दार उघडलं, लेक गळ्यात पडली, चुलीवर चहा—

काय गं पोरी? हात कशाला वर केलास?

"त्या दिवशी एकही विमान उडालं नाही म्हणालात ना, आजोबा? मध्ये तर समुद्र आहे. तो घरी गेलाच नाही."