शिवा उठला की मी जाणार

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे, घडीची. रे रोडच्या एका कारखान्यात पाइप वाकवून मला घडवलं आणि लालबागच्या आमच्या चाळीच्या मंडळाने मला विकत घेतलं. तेव्हा माझ्या हिरव्या रंगाचं काय कौतुक! सत्यनारायण असो, साखरपुडा असो, नाहीतर मंडळाची भांडणाची मीटिंग, पहिली मांडायचे ते मला. मोठमोठी माणसं मी पेलली. त्यातली काही नुसती वजनानेच मोठी होती.

पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. बिजागरी गंजली, उघडताना मी कुरकुरू लागले. फार वाईट वाटायचं. शेवटी एका रविवारी सकाळी मंडळाचे चिंतामणीकाका म्हणालेच, "ही अडगळ भंगारात काढूया."

भंगारवाला शिवा आला तेव्हा मंडळाच्या खोलीत टीव्हीपुढे सुतकी शांतता होती. परदेशातली शेवटची टेस्ट, शेवटचा दिवस, सिरीज बरोबरीत आणि आपले गडी पटापट बाद होत होते. काका जागचे हलेनात, म्हणून शिवाने मला जिन्याखालून आणून तिथेच उघडलं आणि तो वाट बघत बसला. त्यानंतर विकेट पडेचना!

थोड्या वेळाने शिवा उठू लागला, तसे काका ओरडले, "मेल्या, हलू नको! बस थंयच!"

"काका, माझी हातगाडी रस्त्यात आहे."

"असू दे. तू उठलास की विकेट गेली म्हणून समज."

काकांची सून अपेक्षा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिलाही तिथेच थांबवलं.

"बाबा, चहा थंड होतोय."

"होऊ दे!"

मित्रांनो, माझी अवस्था काय सांगू? आपण जिंकलो की शिवा उठणार, आणि उठला की मला नेऊन तोडणार. तरीही खरं सांगते, मला आपण जिंकायलाच हवं होतं. तिकडे आपला तळाचा फलंदाज अंगावर चेंडू घेत उभा होता. मीही कुरकुर गिळून ताठ उभी राहिले.

शेवटचा चौकार गेला आणि खोली उसळली. काकांनी शिवाला मिठीच मारली. मग सगळे तो थंड चहा आनंदाने प्यायले.

"परक्या मैदानात, लोक हुर्यो उडवत असताना टिकून राहायचं म्हणजे चेष्टा नाही," काका डोळे पुसत म्हणाले.

"आणि बाबा, गेल्या दौऱ्यात तुम्ही ज्याला टीममधून काढा म्हणत होता ना, त्यानेच आज जिंकून दिलं," अपेक्षा म्हणाली.

काका ओशाळून हसले.

शिवाने कप ठेवला, माझी घडी घातली. दारापर्यंत जाऊन तो थांबला, मागे वळला आणि त्याने मला पुन्हा उघडून टीव्हीपुढे मांडलं.

"हिला नाही नेत, काका. पुढच्या सिरीजला मी बसू कुठे?"

त्याच संध्याकाळी अपेक्षाने माझ्या बिजागरीत तेल घातलं. आता हिरवा रंगही लागणार आहे म्हणे. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी, कुरकुरणारी खुर्ची असेल. तिला भंगारात काढण्याआधी एकदा तिच्यावर बसून तर बघा.