माझ्या अंगावरची खोटी तारीख

मी एक काचपट्टी आहे. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. परवापर्यंत मुखेडच्या एका घरात, मधल्या खोलीच्या भिंतीला पडलेल्या भेगेवर आडवी चिकटलेली होते. मी आरसा नाही की खिडकी नाही, मला कोण हौसेनं बघणार? माझं काम एकच. भेग वाढली की फुटायचं.

हे काम लावून दिलं अमरनाथनं. तो घरच्या तारामतीबाईंचा भाचा, विष्णुपुरीला शिकून इंजिनिअर झालेला. पाडव्याला आला तेव्हा भेगेत त्याच्या करंगळीचं टोक गेलं. त्यानं भेगेच्या दोन्ही कडांना सिमेंट लावून काच बसवली, तिच्यावर तारीख टाकली आणि बाईंच्या नवऱ्याला, बालाजीरावांना, बजावलं की ही तडकली तर इथं एक दिवसही राहायचं नाही.

ती काच मी नव्हे. ती महिनाभरात तडकली. बालाजीराव एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, जन्मभर परक्यांचे जीव सांभाळले. आणि घरात काय केलं? गुपचूप दुसरी काच लावली, तारीख तीच लिहिली. दुसरीही गेली. मग आषाढात जुन्या फोटोची काच कापून मला बसवलं. माझ्यावरही पाडव्याचीच तारीख! पाडवा मी पाहिलासुद्धा नाही.

मला चिकटवताना ते स्वतःशी पुटपुटत होते, म्हणून मला सगळं कळलं. घर बांधताना मिस्त्री म्हणाला होता, काळी माती हाय, मुरूम लागेपर्यंत खोदा. पण वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर आलेला, पत्रिका वाटून झालेल्या. यांनी चार फुटांवरच पाया भरून घेतला आणि बायकोला सांगितलं, मुरूम लागला. सत्तावीस वर्षं ती बाई पाहुण्यांना सांगत आली, आमचा पाया लई पक्का हाय. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. तिला तुमच्या मुहूर्ताचं काय कौतुक?

त्यात लेक सौदामिनी पहिल्या बाळंतपणाला याच खोलीत यायची होती. तारामतीबाईंनी माझ्या खालीच बाज टाकली, डिंक-खारीक भरून ठेवली. मला रोज ते बघवत नव्हतं.

परवा दुपारी मी तडकले. बालाजीराव नवी पट्टी घेऊन आले, तर मागं तारामतीबाई उभ्या.

"कितवी हाय ही?"

"चौथी," ते म्हणाले. मग खाली बघून, "मुरूम लागलाच नव्हता गं."

बाई भांडल्या नाहीत. बाजेवर बसून त्यांनी लेकीला फोन लावला. खरं सांगितलं असतं तर नवऱ्याची लाज जावयापर्यंत गेली असती. माझे गुडघे लई दुखून राहिलेत, मला झेपायचं न्हाई, तू सासरीच बाळंत हो, असं म्हणाल्या.

"आई, मी जड झाले का तुला?" सौदामिनीचा आवाज मलाही ऐकू आला. बाईंनी फोन ठेवला.

लेकीचा जीव वाचवला, पण दोघं इथंच राहिली. या वयात भाड्यानं राहायला गेलो तर गाव कारण विचारील, म्हणे!

आता मी कागदात गुंडाळून कोनाड्यात पडले आहे. बाबांनो, काच तडकली तर काच बदलू नका, घर सोडा. पण माझं ऐकतंय कोण?

आज सकाळी चौथी काच लागली. या वेळी तारीख तारामतीबाईंनी टाकली. पाडव्याचीच.