कोपरीच्या नाक्यावरचा फ्लेक्स

रिक्षातून उतरून मायानं सुट्या पैशांसाठी हात पुढे केला आणि तो तसाच ठेवून ती वर बघत राहिली. नाक्यावरच्या दोन खांबांच्या मध्ये तिचाच चेहरा ताणून बांधला होता. ‘कोपरीची कन्या माया चांगदेव गमरे यांची व्हिएतनाम येथे इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुकांचे बारा चेहरे, त्यातले निम्मे गॉगल लावलेले.

“मॅडम, तुम्हीच का त्या?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“होते. वीस वर्षांपूर्वी.”

फोटो बीएडच्या निरोप समारंभातला होता. त्याची एकच प्रत, तीही बाबांच्या ट्रंकेत. आणि व्हिएतनामला तर तिनं आज दुपारीच नकार कळवून टाकला होता.

मधल्या सुट्टीत, ठाकुर्लीच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये, नववीच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर कोपर टेकून तिनं मेल लिहिली होती. वडिलांना रोज दोन वेळा इन्सुलिन द्यावं लागतं, त्यांची नजर अधू आहे, घरात तिसरं कोणी नाही, तेव्हा क्षमस्व. त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. पाठवल्यावर तिला हलकं वाटलं होतं, शेवटचा पेपर तपासून झाल्यावर वाटतं तसं. महिनाभर ती बाबांना विचारून विचारून दमली होती. जाऊ का? राहू का? “तुझं तू बघ,” यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता. आज उत्तर द्यायचा शेवटचा दिवस होता, आणि एकदाचा तो विषय संपला होता.

मंडळाचा राकेश पानाच्या टपरीवरून धावत आला.

“जय भीम, ताई. कसा झालाय?”

“तुला कोणी सांगितलं रे?”

“बाबांनीच तर फोटो दिला. मी बोललो, रविवारी लावतो. ते बोलले, नाही, आजच लाव. तिकडे खायचे वांधे होतील हां ताई, मसाला घेऊन जा घरचा.”

नाही म्हटलंय, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण राकेशचा चेहरा इतका फुलला होता, की ती नुसती हसली. तीन जिने चढेपर्यंत चौघांनी तिला निघायची तारीख विचारली. गावभर पेढे वाटून झाल्यावर लग्न मोडल्याचं सांगायची पाळी यावी, तशी तिची गत झाली.

घरात चांगदेव टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, समोर कापूस, इन्सुलिनचं पेन. रोज हे सगळं मायाच मांडायची.

“हातपाय धुऊन ये,” ते म्हणाले. “आज तू फक्त बघायचं.”

त्यांनी सुई बसवली. मग पेन कानापाशी धरून मागचं बटण फिरवायला लागले. टिक, टिक, टिक. ओठ हलत होते. चौदाला थांबले. शर्ट वर करून त्यांनी पोटाची चिमूट धरली. माया मदतीला उठायला निघाली, तसं त्यांनी मान हलवून तिला जागच्या जागी बसवलं. सुई आत गेली. दहा अंक मोजून त्यांनी ती काढली आणि कापूस दाबून धरला.

“आकडे दिसत नाहीत मला. पण टिकटिक ऐकू येते. दवाखान्यातली सगुणा शिकवते, महिना झाला. सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जाईन म्हणाली आहे.”

मायाला टेबलाखालची टोपली दिसली. साखरेच्या माणसानं मोसंबी आणायची कशाला, म्हणून या महिन्यात तीनदा ती त्यांच्यावर डाफरली होती. तिनं एक उचललं. सुकून चिवट झालेली साल सुईच्या बारीक भोकांनी भरली होती.

“एकही खाल्लेलं नाही,” ते घाईनं म्हणाले.

ती मोसंबं हातात फिरवत राहिली.

“आणि फ्लेक्स कशाला, बाबा? मी अजून हो कुठं म्हटलंय?”

“म्हणूनच. तू माझं नाव पुढे करणार, हे मला ठाऊक. म्हटलं, आपण आधीच बाजूला व्हावं. आणि एकदा फ्लेक्स लागला की माणसाला मागे फिरायची सोय नाही.” ते स्वतःवरच खूश होऊन हसले.

माया भात लावायला आत गेली. ओट्याला टेकल्यावर तिला कळलं, की तिला राग बाबांचा आलेला नाही. मुलाखतीत समोरच्या बाईनं दोनदा तिला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी परक्या वर्गापुढे उभं राहायचं आणि कोपरीत शिकलेल्या इंग्रजीला पोरं हसली तर? ती घाबरली होती, एवढंच. वर वीस वर्षांच्या नोकरीचा शीण होताच. निमित्ताला म्हाताऱ्याची सुई बरी सापडली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

कुकरची शिट्टी व्हायच्या आत तिनं फोनवर लिहिलं: दुपारी दिलेलं कारण खरं नव्हतं. मला भीती वाटली होती. जागा अजून असेल, तर मी येते. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं तपासणाऱ्या बाईनं ती तीन वाक्यं न तपासता पाठवली. तिथं रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि उद्यापासून दोन दिवस सुट्टी होती. सोमवारपर्यंत काही कळणार नव्हतं.

दार वाजलं. राकेश होता.

“ताई, सोमवारी पालिकेची गाडी फिरते, फ्लेक्स उचलून नेतात. रविवारीच उतरवून आणून देऊ? आठवण राहील.”

मायानं आत पाहिलं. बाबा कापूस आणि पेन नीट डब्यात ठेवत होते, उद्या सकाळी हाताला लागेल असं.

“रविवारी नको,” ती हळू म्हणाली. “सोमवार संध्याकाळपर्यंत सांभाळ रे तेवढा.”