चमचाभर दारूची परीक्षा

बायको गेल्याचं शिंप्याला दुकानात कळलं. मेहुण्याचा फोन आला तेव्हा त्याच्या दातांत टाचणी होती. "दाजी, ताईला इस्पितळात आणलंय. पण आता घाई करू नका." त्यातच सगळं आलं.

ती पीत असे. तिला सुटायचं होतं, पण लहान मुलीला सोडून कुठं भरती व्हायला ती तयार नव्हती. सकाळी जायचं, दिवसभर उपचार घ्यायचे, संध्याकाळी घरी यायचं, असं केंद्र शोधत शिंपी वणवण फिरला. कुणी म्हणे जागा नाही, कुणी म्हणे असलं काही नसतंच. अखेर एक सापडलं. सोमवारपासून या म्हणाले. तेवढा तिला धीर निघाला नाही. भावाला घेऊन ती दारू सोडवायची पुडी देणाऱ्या पुडीबाबाकडे गेली. काही दिवस पुडी घेतली, आणि एका संध्याकाळी बाटली उघडली.

मेहुणाही पिणाराच. पुढे तोही पुडी घेतोय असं कळलं, तेव्हा शिंपी त्याला आणायला बाबाच्या शेडमध्ये गेला. गर्दी मावत नव्हती. बाबा एका गवंड्याला चमचाभर दारू पाजत होता.

"आत पुडी पहाऱ्याला बसलीय. दारूला राहायला जागा नाही. बघा, कशी पळते."

गवंड्याचं तोंड लालबुंद झालं. छाती धरून तो ओकला. लोकांनी हात जोडले.

"निघाली अवदसा. पुढचा कोण?"

पुढचा मेहुणाच होता. शिंप्याने त्याचं मनगट धरलं.

"दाजी, सोडा. ताईची श्रद्धा कमी पडली."

"कोण म्हणालं?"

"बाबा."

"बरं. तिची उरलेली पुडी मी केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंकडे तपासायला दिलीय. त्या काय म्हणतात ते ऐक. मग मीच आणून सोडतो तुला."

डॉक्टरीणबाईंनी पुडी टेबलावर ठेवली. "ही दारू सोडवायची गोळी आहे, कुटलेली. आम्हीही देतो, पण हृदय तपासून आणि बजावून, की वर थेंबही घ्यायचा नाही. घेतला तर तोंड लाल, धडधड, उलटी. जास्त दारू प्यायली तर जीवही जातो."

"म्हणजे श्रद्धेचं काही नाही?" मेहुण्यानं विचारलं.

"ही खाऊन बाबानं चमचा तोंडाला लावला, तर तोही ओकेल. तू आता दोन आठवडे दारूला शिवू नकोस."

मेहुण्यानं पुडी दूर सारली. "ताईला सांगितलंच नाही कुणी, वर पिऊ नको म्हणून."

"श्रद्धा ठेव म्हणून सांगितलं होतं," शिंपी म्हणाला.

शिंपी परत शेडमध्ये गेला आणि रांगेतल्या एकेकाला सांगत सुटला. "पुडीत काय आहे ते विचारा. औषधाला नाव असतं. नाव न सांगता कुणी काही दिलं, तर पोटात घालू नका." थोडे उठले. बाकीचे नंबर जाईल म्हणून हलले नाहीत.

मेहुणा आता रोज सकाळी केंद्रात जातो, तिच्यासाठी ठेवलेल्या जागेवर. तक्रार दिलीय, चौकशी चालू आहे म्हणतात. बाबाचा चमचाही चालू आहे.

आईची श्रद्धा कमी पडली, असं शेजारच्या कुणीतरी मुलीला सांगितलंय. ते तिच्या डोक्यातून काढायचं अजून राहिलं आहे.