आठव्या थरातला दगड

आमच्या विद्यापीठात जुन्या दगडी सभागृहाशेजारी काचेचं नवं ग्रंथालय उभं राहिलं. आमच्या देखभाल विभागात सगळे त्याला ‘मत्स्यालय’ म्हणतात. मला ते मनातून आवडतं, पण सांगायची सोय नाही. दगडाची बाजू घेऊन भांडणारी म्हणून माझी ख्याती आहे.

आता दोन्ही इमारती जोडायच्या होत्या. सभागृहाच्या भिंतीत दार पाडायचं ते डावीकडे की उजवीकडे, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं.

उजवीकडचा भाग बाबांच्या हातचा. मी सात वर्षांची असताना तो ढासळला होता आणि दुरुस्तीला आलेल्या पाथरवटांत बाबा होते. पाथरवट दगडाच्या आतल्या अंगाला आपली खूण कोरतात. दगड बसला की ती कायमची झाकली जाते. बाबांनी एका दगडावर माझा पंजा ठेवून कोळशाने गिरवला. “आठवा थर, खिडकीपासून तिसरा दगड,” म्हणाले. “खूण म्हणून तुझाच हात कोरतो.” दुसऱ्या दिवशी मला ताप भरला आणि मी बरी होईपर्यंत दगड बसलाही. पुढच्या वर्षी बाबा दूरच्या कामावर गेले, ते परांचीवरून पडून तिथेच गेले. त्यांचा धड फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. तो कोरलेला हात एकदा, फक्त एकदा बघायला मिळावा, असं मला सदतीस वर्षं वाटत आलंय.

भिंत तपासली. डावीकडे पोट सुटलेलं, सांधे खिळखिळे. उजवीकडची ठणठणीत. म्हणजे दार डावीकडेच पाडायला हवं, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी आठवडाभर मी अहवाल उघडून नुसती बसायचे. ‘उजवीकडे’ लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? शेवटी ‘डावीकडे’ लिहिलं, सही केली आणि घरी जाऊन भावावर उगाचच खेकसले.

दार पाडून झालं त्या दिवशी न राहवून मी वास्तुविशारदाला सगळं सांगितलं. पोरगेलासा, भला माणूस.

“अहो मॅडम, एवढंच ना? तो एक दगड काढू, बघा डोळे भरून, परत बसवू.”

दार पाडणारे मिस्त्री शिडीवर चढले. पातळ पत्ती घेऊन दगडाच्या चारी बाजूंनी चाचपत राहिले, मग खाली उतरले.

“काढता येईल, मॅडम. पण फोडूनच. बसवणाऱ्यानं पत्तीपुरतीही फट ठेवलेली नाही. असं काम आता बघायला मिळत नाही.”

“मग राहू दे,” मी म्हणाले.

दोघं नव्या दाराकडे गेले. मला अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही असेल, पण आधी रडू आलं आणि भयंकर राग आला.

“एकच दगड,” मी भिंतीला म्हणाले, “एकच दगड जरा वाईट बसवला असता, तर काय बिघडलं असतं हो बाबा?”