चौदा जूनला जन्मलेली गिऱ्हाइके

मी एक जुना बिलाचा कॉम्प्युटर आहे. व्हिडिओ गेमच्या दुकानात, काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात, गेली नऊ वर्षे बसून आहे. मित्रांनो, म्हाताऱ्यांची चिडचिड ऐकायला कोणाला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी आज ऐका, कारण ही गोष्ट तुमच्याच वयाच्या एका मुलीची आणि आमच्या काकूंची आहे.

मला बनवणाऱ्यांनी माझ्यात एक खास गुण घातला होता. काही गेमच्या डबीवर अठराचा आकडा छापलेला असतो. आतला रक्तपात मोठ्यांसाठी आहे, लहानांनी लांब राहावे, असा त्याचा अर्थ. तशी डबी आली की मी बिल अडवायचो आणि ग्राहकाची जन्मतारीख विचारायचो. तारीख टाकल्याशिवाय मी ढिम्म हलत नसे. मालकांना तेव्हा माझे केवढे कौतुक होते! स्वतःच्या रुमालाने माझा पडदा पुसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्याकडे वय विचारल्याशिवाय बिलच होत नाही."

हे कौतुक जेमतेम दोन महिने टिकले. टक्कल पडलेल्या एका आजोबांना काकूंनी जन्मतारीख विचारली, तर ते म्हणाले, "बाई, तोंडात चार दात उरलेत, ते मोजून घ्या." दुसरे एक गिऱ्हाईक डबी काउंटरवर टाकून निघून गेले. रांगा लांबल्या. मग मालकांनी काय केले असेल? एका चिठ्ठीवर स्वतःची जन्मतारीख सालासकट लिहिली, चौदा जून, आणि ती गोंदाने माझ्या कपाळावर डकवली.

"प्रत्येकाला विचारत बसू नका," ते काकूंना म्हणाले. "सरळ ही टाका."

काकू म्हणजे काउंटरवरची बाई. घरात कमावणारी ती एकटी, मुलगी नर्सिंग शिकणारी. काकूंनी विचारले, "साहेब, एखादं लहान मूल आलं तर?"

"मूल दिसलं तर विचारा की. डोळे दिलेत ना देवाने?"

झाले. घोड्यावर बसले मालक, लगाम काकूंच्या हातात आणि ठेच लागली तर दोषही काकूंचा! त्या दिवसापासून माझ्याकडच्या नोंदींत या गावातली सगळी माणसे एकाच दिवशी जन्माला येऊ लागली. चौदा जून, चौदा जून, चौदा जून. मला लाज वाटायची, पण मला कोण विचारतो?

पुढे नवा कायदा आला. अठराखालच्या मुलाला असा गेम विकला, तर विकणाऱ्याला दंड आणि वर्षभर कोणत्याही काउंटरवर बसायला बंदी. मालकांनी तो कागद दारावर लावला. माझ्या कपाळावरची चिठ्ठी मात्र जागची हलली नाही.

एका शनिवारी दुसरा कामगार रजेवर होता आणि रांग दारापर्यंत गेली होती. मालक आतून ओरडत होते, "हात चालवा, हात चालवा." पाठीला दप्तर लावलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीने अठराची डबी पुढे सरकवली. काकूंनी मान वर केली.

"तुझ्यासाठी आहे का गं?"

"नाही, दादासाठी."

काकूंनी तिच्या दप्तराकडे पाहिले. मागून कोणीतरी म्हणाले, "आटपा की." त्यांनी चौदा जून टाकले आणि मी नाइलाजाने बिल काढून दिले.

मुलीला दादा नव्हता. पाच वर्षांचा धाकटा भाऊ होता. त्याने तिच्या मागे बसून तो गेम पाहिला, आणि तेव्हापासून तो बाथरूममध्ये एकटा जाईना. त्यांच्या आईने तक्रार केली. मंगळवारी सकाळी अधिकारी आले, मायलेकींनाही त्यांनी बोलावले होते. ते येण्याआधी पाच मिनिटे मालकांनी चिठ्ठी खरवडून काढली आणि खिशात घातली.

आईने जन्मतारीख छापलेले बिल पुढे धरले. "या कागदाप्रमाणे माझी मुलगी माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठी आहे. हे कोणी केलं?"

"मी," काकू अधिकाऱ्यांना म्हणाल्या. "बटण मीच दाबलं. पण साहेब, इथे चिठ्ठी होती. हीच तारीख टाकायला सांगितलं होतं."

"कुठली चिठ्ठी?" मालकांनी विचारले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. गोंदाचा डाग तेवढा होता. त्यांनी माझ्यावर ते एकच बिल उघडून पाहिले. मित्रांनो, त्याच्या शेजारीच ‘मागील बिले’ असे बटण होते. ते दाबले असते, तर चौदा जूनला जन्मलेली हजारो गिऱ्हाइके पडद्यावर उभी राहिली असती. मला ओरडावेसे वाटत होते, पण विचारल्याशिवाय बोलायची सोय माझ्यात नाही. अधिकाऱ्यांनी लिहिले, ‘जाणूनबुजून खोटी तारीख टाकली.’ काकूंची सही घेतली.

मुलगी रडवेली झाली. "काकू, मी खोटं बोलले."

"तू बारा वर्षांची आहेस, बाळा," काकू म्हणाल्या. "खोटं ओळखायचा पगार मला मिळत होता."

आईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "यांचं काम जावं असं मी म्हटलं नव्हतं हो." मुलीने बिल पुन्हा वाचले आणि विचारले, "पण मग ही जन्मतारीख कोणाची?"

मालक खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. अधिकारी म्हणाले, "कोणाची का असेना," आणि बॅग बंद करून निघाले. काकूंनी खणातली चष्म्याची डबी घेतली आणि त्याही गेल्या.

काकूंची चूक नव्हती असे मी म्हणत नाही. दप्तर त्यांनाही दिसले होते, आणि त्या चिमुरड्याची भीती खरी आहे. शिक्षा हवीच. पण तारीख लिहिणारा मोकळा आणि टाकणारी घरी, हा कुठला न्याय? मला तर नुसता वैताग आला आहे.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या अधिकारी व्हाल. तेव्हा शिक्षा लिहिण्याआधी एक बटण जास्त दाबा. आणि ते व्हायला वेळ आहे तोवर, कोणी वय विचारले, तर आहे तेवढेच सांगा. विचारणारी बाई तुमच्या शब्दावर आपली नोकरी पणाला लावून बसलेली असते.